खिसे बघितलेत का?

आमच्या वॉशिंग मशीनवर ‘३ मिनिटं’ असा आकडा दिसायला लागला की बायको हाक मारते, “झालंच हो, वाळत घालायला या.” या हाकेला मी गेली दहा वर्षं फसतो आहे. मशीनचं मिनिट आणि आपलं मिनिट यांचं काही नातं नसतं. शेवटच्या तीन मिनिटांत मशीन थांबतं, विचार करतं, कपडे जरा इकडे सरकव, जरा तिकडे सरकव असं करून बघतं. कपड्यांचा गोळा एका बाजूला जमला असेल, तर ते जोरात फिरायला साफ नकार देतं आणि तोल सापडेपर्यंत घड्याळ गोठवून ठेवतं. लग्नाच्या कार्यालयात “नवरी तयारच आहे, तीन मिनिटांत येते” असं सांगतात, ती हीच मिनिटं.

त्या रविवारी मात्र तीन मिनिटांची चाळीस झाली. मी खुर्ची घेऊन मशीनसमोर बसलो होतो. (घरकामातला माझा वाटा तो एवढाच.) मग मशीननं करुण स्वरात चार वेळा टुंटुं केलं, आकडा गेला आणि त्या जागी एक अक्षर आणि दोन अंक लुकलुकायला लागले. काचेच्या गोल दारामागे करडं पाणी साचलं होतं आणि त्यात आमचे टॉवेल डुंबत होते.

आमचे म्हणजे सगळे टॉवेल. हे नीट सांगायला हवं, कारण पुढचा सगळा अनर्थ त्यातून घडला. आदल्या रात्री टॉवेलांना कुबट वास येतोय, असा बायकोला साक्षात्कार झाला होता. श्रावणात चार दिवस झड लागल्यावर पुण्यात कुणाच्या टॉवेलला वास येत नाही? पण तिनं सकाळी सहालाच मोहीम काढली. अंगाचे, हात पुसायचे, स्वयंपाकघरातले, आणि ‘पाहुण्यांचे’ म्हणून कपाटात जपलेले, जे आजवर एकाही पाहुण्यानं पाहिलेले नाहीत, असे झाडून सगळे तिनं आत कोंबले. आता साडेनऊ वाजता धायरीतल्या त्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये चार माणसं बिनआंघोळीची होती, देव बिनपूजेचे होते आणि आई पूजा झाल्याशिवाय काही घेत नाही, म्हणून तिसऱ्या चहाला नाही म्हणत होती.

मी दाराची मूठ ओढून पाहिली. आत पाणी असेपर्यंत दार उघडायचं नाही, ही त्या मशीनची शिस्त. ते बरोबरच आहे म्हणा, पण आपल्याच टॉवेलांकडे काचेतून बघत उभं राहायची वेळ येते, तेव्हा तुरुंगात भेटीला आल्यासारखं वाटतं.

“खिसे बघितले होतेत का?” बायकोनं विचारलं.

“टॉवेलना खिसे नसतात,” मी संयमानं म्हणालो.

“मी आजचं नाही विचारत. दहा वर्षांचं विचारतेय.”

यावर उत्तर नसल्यामुळे मी कंपनीला फोन लावला. तिथं आधी भाषेसाठी एक दाबलं, मग वस्तूसाठी चार दाबलं, मग तक्रारीसाठी दोन दाबलं आणि मग पंधरा मिनिटं सनई ऐकली. शेवटी एका गोड आवाजाच्या मुलीनं विचारलं, “सर, तुम्ही ड्रेन फिल्टर साफ करता का?”

“ड्रेन फिल्टर म्हणजे?”

पलीकडे क्षणभर शांतता पसरली. डॉक्टरांनी “दात घासता का?” असं विचारावं आणि आपण “दात म्हणजे?” असं म्हणावं, तशी ती शांतता होती. मग तिनं सांगितलं की मशीनच्या पुढच्या बाजूला उजवीकडे खाली एक छोटं झाकण असतं, त्याच्या आत फिल्टर असतो आणि तो दर महिन्या-दोन महिन्यांनी काढून धुवायचा असतो. मी मनातल्या मनात गणित केलं. दहा वर्षं, म्हणजे किमान साठ वेळा. आपण एकदाही नाही.

“मोटारीला दहा वर्षांची वॉरंटी आहे ना आमच्या?” मी शेवटचा मोहरा पुढे केला.

“हो सर, पण ही मोटार नाहीये.”

हे मी आयुष्यभर अनुभवत आलो आहे. वॉरंटी ज्या भागाला असते, तो भाग सोडून बाकी सगळं बिघडतं. मुलीनं तक्रार नोंदवली. टेक्निशियन मंगळवारी, सकाळी दहा ते संध्याकाळी सहाच्या दरम्यान येईल. व्हिजिटिंग चार्ज वेगळा, त्यावर १८ टक्के जीएसटी.

मंगळवार! म्हणजे टॉवेल आणखी दोन दिवस पाण्यात. “मी बघतो,” असं मी म्हणालो. आमच्या घरात हे दोन शब्द भूकंपाच्या सूचनेसारखे घेतले जातात. मुलीनं आधी आपला लॅपटॉप उचलून पलंगावर ठेवला. आईनं पाय वर घेतले. बायको फक्त म्हणाली, “फ्लशच्या टाकीच्या वेळीही असंच म्हणाला होतात.”

माहितीपुस्तिका शोधण्यात अर्धा तास गेला. ‘महत्त्वाची कागदपत्रं’ लिहिलेल्या पिशवीत फ्लॅटचं खरेदीखत, माझा बारावीचा निकाल, तीन मिक्सरच्या माहितीपुस्तिका (तिन्ही मिक्सर दिवंगत) आणि १९९६ साली घेतलेल्या टेपरेकॉर्डरचं गॅरंटी कार्ड निघालं. मशीनची पुस्तिका शेवटी स्वयंपाकघरात, फळीवर घातलेल्या कागदाखाली सापडली. तिच्यातली चित्रं मला फार आवडली. चित्रातलं मशीन एका निर्जन प्रदेशात उभं असतं. आजूबाजूला भिंत नाही, नळ नाही, माणूस नाही. एक बिनमालकाचा हात येतो, अलगद झाकण उघडतो, थेंबभर पाणी टिपूस टिपूस गळतं आणि फिल्टर हातात येतो. आमचं मशीन ड्राय बाल्कनीत उभं आहे. पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, की स्वयंपाकघराला चिकटून बिल्डर जी हातभर रुंदीची जागा देतो आणि चटईक्षेत्रात मोजतो, तिला ड्राय बाल्कनी म्हणतात. तिथं मशीनच्या डावीकडे भिंत आहे, उजवीकडे भरलेला सिलिंडर, त्याच्यावर रद्दीचे गठ्ठे आणि रद्दीवर कढीपत्त्याची कुंडी. झाकण अर्थातच उजवीकडे, सिलिंडरच्या मागे.

कुंडी हलवली, रद्दी हलवली, सिलिंडर हलवताना कमरेत एक छोटीशी वीज चमकली, आणि नेमके त्याच वेळी समोरच्या फ्लॅटमधले अप्पा आले. अप्पा निवृत्त इंजिनिअर आहेत. सोसायटीत कुठेही पान्हा पडल्याचा आवाज झाला की ते येतात. त्यांच्या सल्ल्याचा मला जुना अनुभव आहे. मागे एकदा पाणी नीट जात नाही म्हणून त्यांनी मला मशीनचा सांडपाण्याचा पाइप हुकावरून काढून जमिनीवर सोडायला लावला होता. तो पाइप दोन-अडीच फूट उंचावर अडकवलेला असतो, तो शोभेसाठी नसतो. खाली सोडला की मशीन वरून पाणी घेतं आणि ते खालून आपोआप निघून जातं. त्या दिवशी आमचं मशीन दोन तास नुसतं पाणी पीत राहिलं. सोसायटीची टाकी रिकामी झाली, ज्यादा टँकर मागवावा लागला आणि चेअरमननी ग्रुपवर ‘कुणीतरी नळ उघडा ठेवत आहे, लाज वाटली पाहिजे’ असं लिहिलं. त्याला पहिला अंगठा मी दिला होता.

“आधी प्लग काढा,” अप्पा म्हणाले. हा एक सल्ला मात्र बरोबर होता, हे मान्य करायला हवं. “आता तो फिल्टर उलटा फिरवा. घड्याळाच्या उलट.”

मी जमिनीवर पालथा पडलो होतो, गाल फरशीला, एक हात मशीनखाली. या अवस्थेत घड्याळ कुठल्या बाजूनं फिरतं, हे एकदा करून बघा. “कुणाच्या घड्याळाच्या?” मी विचारलं.

“म्हणजे काय? घड्याळ म्हणजे घड्याळ!”

“मी समोरून बघत नाहीये, खालून बघतोय.”

“बाबा, तू बरणीचं झाकण उघडतोस तसं कर ना,” मुलगी म्हणाली. तिच्या पिढीला काटे असलेलं घड्याळ फक्त शुभेच्छापत्रावर ठाऊक, त्यामुळे तिचा सल्ला सोपा होता. पण बायको पटकन म्हणाली, “थांबा! आधी भांडं लावा. आत पंधरा लिटर तरी पाणी असेल.”

खरी परीक्षा इथं सुरू झाली. फिल्टरच्या झाकणाखाली जमिनीपासून उंची किती? चार बोटं. ज्यानं हे मशीन काढलं, त्यानं पंधरा लिटर पाणी चार बोटांत कसं धरायचं याचा विचार केला नसावा, किंवा त्याच्या देशात घरोघरी उथळ माणसांबरोबर उथळ भांडीही पुष्कळ असावीत. बादली जाईना. पातेलं जाईना. परात जाईल असं वाटलं, पण तिची कड नेमकी केसभर वर. पोळीचा तवा गेला, पण त्यात पाणी राहीना. जेवणाचं ताट गेलं, तर बायको म्हणाली, “हे लग्नातलं आहे, माझ्या आत्यानं दिलेलं.” इडलीपात्राची थाळी मी आणली, तेव्हा मुलगी हसत हसत खाली बसली, कारण तिला भोकं असतात. शेवटी ढोकळ्याची थाळी चपखल बसली.

“आता त्यात ढोकळा कोण खाणार?” आई म्हणाली.

“ढोकळा केलाय कधी?” हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. पण पालथ्या माणसानं उभ्या माणसांशी वाद घालू नये.

फिल्टरशेजारी करंगळीएवढी काळी रबरी नळी असते, तिच्या तोंडाला बूच. बूच काढलं की आतलं पाणी थोडं थोडं बाहेर काढता येतं. मी बूच काढलं. सलाइन लावल्यासारखी बारीक धार लागली. ढोकळ्याची थाळी भरली की बूच लावायचं, थाळी न सांडता दोन फुटांवरच्या मोरीत ओतायची, परत यायचं. थाळीत मावणार अर्धा लिटर. म्हणजे तीस खेपा. पहिल्या तीन खेपा मी उत्साहानं केल्या. चौथ्या खेपेला अप्पांनी मोजायला सुरुवात केली. सातव्या खेपेला त्यांचं आणि माझं भांडण झालं, कारण ते आठ म्हणत होते. नवव्या खेपेनंतर मला पुरुषसुलभ विचार सुचला. फिल्टरच किंचित सैल केला तर धार जरा मोठी होईल आणि काम लवकर उरकेल.

मी किंचित सैल केला. एवढंच मला आठवतं.

पाण्यालाही बहुधा दहा वर्षांची घाई झाली होती. ढोकळ्याची थाळी होडीसारखी उचलली गेली आणि सिलिंडरला जाऊन धडकली. मी फिल्टर परत बसवायला गेलो, तर तो तिरका बसला, आणि तिरका बसल्यावर पुढेही जाईना, मागेही येईना. ड्राय बाल्कनीला कोपऱ्यात जाळी आहे. पाणी त्या जाळीकडे जावं, अशी साधारण अपेक्षा असते. पण आमच्या बिल्डरनं उतार दिलाय तो स्वयंपाकघराकडे. हे आम्हाला त्या दिवशी कळलं. पाणी उंबरा ओलांडून फ्रिजखाली गेलं, तिथून दहा वर्षांचे शेंगदाणे आणि एक चमचा घेऊन बाहेर आलं आणि हॉलच्या दिशेनं निघालं.

“टॉवेल आण! टॉवेल!” मी ओरडलो.

चौघांनीही एकदमच मशीनच्या काचेकडे पाहिलं.

फरशी पुसायचं फडकं एकच होतं, ते दोन मिनिटांत शरण आलं. मग बायकोनं रद्दीचा गठ्ठा ओढला आणि पुरवण्या पसरायला सुरुवात केली. वर्तमानपत्राचा कागद पाणी कसा शोषतो, हे बघण्यासारखं असतं. त्यातही रविवारच्या पुरवण्या बऱ्या. तिसऱ्या पुरवणीवर मला माझाच फोटो दिसला. दोन महिन्यांपूर्वीचा माझा विनोदी लेख फ्रिजखाली सरकत होता.

“अगं, तो नको!”

“तोच बेस्ट आहे,” ती म्हणाली. “तुमचे लेख कोरडेच असतात. पाणी छान ओढतात.”

अप्पा हसले. माझ्या लेखावर ते आजवर पहिल्यांदाच हसत होते.

पूर ओसरला, तेव्हा अकरा वाजले होते. फिल्टर आता मोकळा झाला होता. मी तो सरळ करून फिरवला आणि हळूच ओढला. आतून आधी ‘प्लॉप’ असा आवाज आला आणि मग एक करडा, केसाळ, मऊ प्राणी माझ्या हातात आला. मी किंचाळलो, हे मी नाकारत नाही. अप्पांनी सांगितलं की तो प्राणी नसून बोळा आहे. सगळ्यांच्या कपड्यांचे तंतू, बायकोचे आणि मुलीचे केस, साबणाचा थर. बायकोची हिरवी साडी, मुलीचा लाल टॉप, माझे निळे शर्ट. रंग कोणताही असो, मशीनच्या पोटात गेल्यावर सगळ्यांचा एकच करडा होतो.

“ताटात ठेव सगळं,” आई म्हणाली. तिनं चष्मा लावला आणि खुर्ची ओढून बसली. आमच्या आईनं आयुष्यभर धुण्याच्या दगडावर धुणं आपटलं. मशीनला ती अजूनही ‘ते’ म्हणते. तिच्या अध्यक्षतेखाली पंचनामा सुरू झाला.

पहिल्यांदा केसांच्या पिना निघाल्या. पाच. कुणाच्या, असं विचारल्यावर दोन बायका दोन दिशांना बघायला लागल्या. मग नाणी आली. दहाचं एक, पाचची दोन, रुपयाची चार, आणि एक पन्नास पैशांचं. नाण्यांना चार वारस निघाले, पिनांना एकही नाही. मग धनुष्याच्या आकाराची एक बारीक तार निघाली. अप्पांनी ती खिडकीच्या उजेडात धरली. “ही स्प्रिंग कुठली असेल बुवा?” ते गंभीरपणे म्हणाले. बायकोनं ती त्यांच्या हातातून काढून घेतली. “मशीनचीच असेल,” ती म्हणाली आणि आत निघून गेली.

एका इअरबडचं रबरी टोपण निघालं. मुलीनं गेल्या वर्षी ‘कॉलेजात कुणीतरी ढापलं’ म्हणून नवीन संच घ्यायला लावला होता. तिचा हात पुढे आला, टोपण गेलं, विषय संपला. मला शंका आहे की तो इअरबडही तिनंच मागे कधीतरी सुकलेल्या जीन्सच्या खिशातून काढून घेतला असावा. पण पुरावा नाही.

मग निघालं एक पांढरं बटण. चार भोकांचं, कडेला निळी रेघ. मी ते ओळखलं आणि नजर खाली घातली. हे माझ्या एका चांगल्या शर्टाचं बटण. दोन वर्षांपूर्वी ते हरवलं म्हणून मी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याशी रस्त्यात उभं राहून भांडलो होतो. “कोळशाच्या इस्त्रीनं बटणं वितळतात,” असं एक तांत्रिक विधानही मी तेव्हा केलं होतं. तेव्हापासून मी वळसा घालून दुसऱ्या इस्त्रीवाल्याकडे जातो. तो शर्टामागे दोन रुपये जास्त घेतो.

पण सगळ्यात मोठा आवाज झाला तो किल्लीचा. ताटात टण्णकन पडली. लहानशी, पितळी, लोखंडी कपाटाच्या आतल्या कप्प्याची. आईनं चष्मा नाकावर खाली घेतला. बायको आतून परत आली. त्या किल्लीसाठी आम्ही किल्लीवाल्याला बोलावलं होतं, कप्पा फोडला होता, नवीन कुलूप बसवलं होतं. आणि ज्या आठवड्यात ती हरवली, त्या आठवड्यात माझा मेव्हणा आमच्याकडे राहायला होता. मी तेव्हा काहीच बोललो नव्हतो. फक्त, “मी कुणाचं नाव घेत नाही,” असं दिवसातून तीन वेळा म्हणालो होतो.

बायको माझ्याकडे बघत होती. मग तिनं शांतपणे फोन उचलला, स्पीकर लावला आणि भावाला फोन केला.

“अरे, किल्ली सापडली.”

“कुठे?”

“यांच्या खिशात.”

“खिशात नाही, फिल्टरमध्ये!” मी ओरडलो. पण पलीकडून मेव्हणा एवढा मनमोकळं हसला की मला ऐकूच येईना. त्यानं आपल्या बायकोला बोलावलं. तिनं सासूबाईंना बोलावलं. दुपारपर्यंत ती बातमी कऱ्हाडपर्यंत गेली होती.

शेवटी दातकोरण्या मोजल्या. अकरा. आमच्या घरात दातकोरणी वापरणारा माणूस एकच आहे. यावर कुणी काही बोललं नाही, हेच जास्त लागलं.

“याचं लहानपणापासूनच असं,” आई अप्पांना सांगत होती. “चड्डीच्या खिशात चिंचोके, गोट्या, पेन्सिलीचे तुकडे. एकदा तर बेडकाचं पिल्लू निघालं, जिवंत. माझ्या दगडाला कुठला फिल्टर? मी बोटं घालून बघायची. आता बोटं घालायला कुणाला वेळ आहे?”

फिल्टर ब्रशनं घासला, रबराच्या कडीवरचा साबण पुसला. फिल्टरच्या भोकात हात घालून पंपाचं पातं फिरवून बघायचं असतं. मी बोटानं ते फिरवलं, तर ते सरळ फिरेना, अडखळत अडखळत, टकटक करत फिरायला लागलं. “गेला,” अप्पा म्हणाले. “पंप गेला. जेमतेम तीस वॉटचा असतो बिचारा, तुमची किल्ली कुठून पेलवणार?” आम्ही सगळे हबकलो. मुलीनं मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ शोधला. त्यातला माणूस म्हणत होता की आत लोहचुंबक असतं, त्यामुळे पातं तसंच टप्प्याटप्प्यानं फिरतं आणि तसं फिरलं की पंप ठीक आहे. अप्पा म्हणाले, “आमच्या वेळी नव्हतं असं.”

फिल्टर बसवला, मशीन चालू केलं. पुन्हा थोडं पाणी आलं, कारण मी फिल्टर पुरता आवळला नव्हता. पण आता माझे दोन लेख आधीच पसरलेले होते. दुसऱ्यांदा घट्ट केला. आणि मग तो आवाज आला. घर्रर्र, गट् गट् गट्, सूंऽऽ! पाइपातून पाणी मोरीत धबाधबा पडायला लागलं. आई म्हणाली, “झालं बाई मोकळं.” जणू मशीनचं नव्हे, माझंच काहीतरी झालं होतं. अर्ध्या तासानं दाराचं कुलूप ‘खट्’ वाजलं आणि टॉवेल सुटले.

दाराच्या कडेला रबराची एक पन्हाळ असते, तिथंही बघा, असं त्या व्हिडिओतला माणूस म्हणाला होता. बायकोनं बोटं घातली आणि एक मोजा, एक रबरबँड आणि घडी घातलेली एक फिकट गुलाबी नोट बाहेर काढली. दोन हजारांची! आपल्याकडच्या नोटा कापसाच्या कागदाच्या असतात, त्यामुळे धुण्यात लगदा होत नाहीत. नुसत्या सुरकुततात. पण या दोन हजारांच्या नोटा रिझर्व्ह बँकेनं १९ मे २०२३ रोजीच परत मागवल्या होत्या. सगळ्या देशानं त्या बँकेत नेऊन दिल्या. ही तेवढी आमच्या मशीनमध्ये भूमिगत राहिली. आता ती बदलायची, तर रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयात जावं लागणार, म्हणजे आमच्यासाठी मुंबई किंवा बेलापूर. जाण्यायेण्याचा खर्च, रजा आणि वाटेत खोपोलीचा वडापाव धरला तर किती उरतील, याचा हिशेब मी करत होतो.

“ठेव देवाजवळ,” आई म्हणाली. “एवढा धुतलेला पैसा घरात पहिल्यांदाच आलाय.”

टॉवेल स्वच्छ झाले होते. पण ओले होते. बाहेर पाऊस धो धो पडत होता. हॉलभर दोऱ्या बांधून टॉवेल घातले, पंखे लावले, आणि दुपारी दीडला प्रश्न तोच उरला, की आंघोळीनंतर अंग कशानं पुसायचं? बायको कपाटापाशी गेली आणि तिनं माझ्या सत्काराच्या शाली काढल्या. ग्रंथालयाच्या, व्याख्यानमालेच्या, ज्येष्ठ नागरिक संघाच्या. सात होत्या. मी नको नको म्हणत होतो, पण मनातून बरं वाटलं, की आपल्या साहित्यसेवेचा घराला उपयोग होतोय. पुसायला घेतलं तेव्हा कळलं. त्या शाली पाणी अजिबात टिपत नाहीत. पाणी नुसतं एका जागेवरून दुसऱ्या जागी फिरवतात. लेख टिपतात, शाली टिपत नाहीत, याची नोंद मी करून ठेवली आहे.

सोमवारी मी फिल्टर तीन वेळा साफ केला. सकाळी एकदा, ऑफिसातून आल्यावर एकदा आणि रात्री पुन्हा एकदा, झोप येईना म्हणून. कालनिर्णयवर प्रत्येक महिन्याच्या पहिल्या रविवारी ‘फिल्टर’ असं लाल पेनानं लिहिलं. संध्याकाळी सुपली आणि ब्रश घेऊन अप्पांकडे गेलो. त्यांचाही फिल्टर काढून द्यावा म्हटलं. त्यांच्या बाल्कनीत जुनं दोन टबांचं मशीन होतं, एकात धुवायचं आणि कपडे उचलून दुसऱ्यात पिळायचे.

“याला फिल्टर कुठाय?” मी विचारलं.

“याला असला फिल्टर नसतो,” अप्पा म्हणाले. “म्हणून तर आम्हाला कधी त्रास नाही.”

मंगळवारी टेक्निशियन आला. तक्रार रद्द करायची राहून गेली होती. दहा ते सहा सांगितलं होतं, तो पावणेसातला आला. विशी-बाविशीतला मुलगा, पाठीवर पिशवी. मी दारातच सांगितलं, “अरे, झालं काम. मीच केलं.” तो म्हणाला, “आलोय तर बघतो साहेब. चार्ज तर लागणारच.” तो बाल्कनीत गेला, पिशवीतून एक प्लॅस्टिकचा चपटा डबा काढला, झाकण उघडलं, फिल्टर फिरवला, काढला. वीस सेकंद. फरशीवर एक थेंब नाही. मी त्या डब्याकडे अशा नजरेनं बघत होतो, की त्यानं तो घाईघाईनं पिशवीत परत घातला.

फिल्टर त्यानं उजेडात धरला.

“साहेब, एवढा स्वच्छ फिल्टर मी अजून कुणाच्याच घरात बघितला नाही.”

मी बायकोकडे बघितलं. ती दुसरीकडे बघत होती, पण तिनं ऐकलं होतं, हे मला कळलं. आजवर मला मिळालेल्या प्रशस्तिपत्रांमध्ये हे सगळ्यात महाग असलं, तरी सगळ्यात खरं होतं. मी पैसे आणायला आत वळलो.

“बरं साहेब,” तो मागून म्हणाला, “तुमच्याकडे पाणी टँकरचंच ना?”

“हो. का?”

“मग मागचा फिल्टर कधी साफ केला होता?”

“मागचा?”

“इनलेटचा. पाणी आत येतं ना, तिथं बारीक जाळी असते. टँकरची रेती सगळी तिथंच अडकते. सोपं असतं. मशीन थोडं पुढे ओढायचं, नळ बंद करायचा, पाइप सोडायचा, जाळी पकडीनं ओढून घ्यायची. दोन मिनिटांचं काम आहे.”

मी मशीनच्या मागच्या अंधारात वाकून पाहिलं. दोन मिनिटांचं तर काम. “मी बघतो,” मी म्हणालो.

हॉलमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आईनं पाय वर घेतले असावेत. “अहो, थांबा जरा,” बायको दोरीवरून टॉवेल ओढता ओढता म्हणाली, “आधी मला हे सगळे मोजून कपाटात ठेवू द्या.”